पुण्यातल्या एका जुन्या युफोनियमचे प्रकरण

पुण्याच्या पूर्व भागातील एका पेठेत ब्रास बँडचा व्यवसाय पिढ्यान्‌पिढ्या करणाऱ्या कुटुंबाकडे एक जुने युफोनियम, म्हणजे मोठ्या कर्ण्याचे, खर्जाकडे झुकणारे पितळी फुंकवाद्य, आहे. घरातील थोरल्या काकांना सगळी पेठ 'मास्तर' म्हणूनच ओळखते. त्यांनी तारुण्यात ते वाजवले, त्यांच्या आधी त्यांच्या वडिलांनी वाजवले, आणि नंतरची बरीच वर्षे ते जुन्या लुगड्यात गुंडाळलेले माळ्यावर पडून होते. दसऱ्याच्या पूजेला तेवढे खाली उतरत असे. वाडा पुनर्विकासाला गेला आणि सामानाची वाटणी निघाली, तेव्हा या वाद्याचे काय करायचे यावर घरात तीन मते पडली. आज बँड चालवणाऱ्या पुतण्याला ते दुरुस्त करून, त्यावर नवा मुलामा चढवून विसर्जन मिरवणुकीत वाजवायचे होते. दुसऱ्या पुतण्याने त्याची छायाचित्रे परदेशातील एका संग्राहकाला पाठवली होती आणि तिकडून चांगली किंमत सांगून आली होती. काका आणि आत्याबाई यांचे म्हणणे एवढेच होते की वस्तू घराबाहेर जाऊ नये. काही ठरवण्याआधी वाद्याची नीट तपासणी व्हावी यावर मात्र सर्वांचे एकमत झाले आणि जुन्या वाद्यांच्या नोंदी करण्याच्या माझ्या कामामुळे ती माझ्याकडे आली.

या तपासणीतून माझे जे मत बनले ते आरंभीच मांडतो. जुन्या पितळी वाद्याची किंमत बहुधा त्यावरील विलायती कारखान्याच्या नावाने ठरवली जाते आणि नंतर झालेल्या दुरुस्त्या, ठिगळे, बदल हे त्याचे नुकसान मानून काढून टाकले जातात. या युफोनियमच्या बाबतीत नेमके उलट आहे. कारखान्याचा इतिहास कागदपत्रांत सुरक्षित आहे. पुण्यातल्या बँडवाल्यांचा इतिहास मात्र जवळजवळ कुठेच लिहिला गेलेला नाही, आणि जो थोडाफार टिकला आहे तो अशा वाद्यांच्या पत्र्यावर टिकला आहे.

वाद्याची ओळख

कर्ण्यावर 'बूझी अँड कंपनी' हे नाव आणि लंडनमधील '२९५, रीजंट स्ट्रीट' हा पत्ता कोरलेला आहे. ही कंपनी १८७४ मध्ये त्या पत्त्यावर गेली आणि १९३० मध्ये हॉक्स अँड सन या प्रतिस्पर्धी कंपनीशी एकत्र होऊन 'बूझी अँड हॉक्स' झाली. म्हणजे वाद्याचा जन्म या दोन सालांच्या दरम्यानचा आहे. त्याला तीन पिस्टन, म्हणजे बोटांनी दाबायची बटणे, असून त्यांच्या मागे लहान जादा वळणे आहेत. डेव्हिड ब्लेकली या कंपनीच्या तंत्रज्ञाने १८७०च्या दशकात काढलेल्या भरपाई यंत्रणेची ती खूण होय. तिसऱ्या पिस्टनबरोबर पहिला किंवा दुसरा पिस्टन दाबला की नळीची लांबी गणिताने हवी त्यापेक्षा थोडी कमी पडते आणि स्वर चढा लागतो. ब्लेकलींच्या रचनेत अशा वेळी हवा पुन्हा त्या पिस्टनांतून फिरून जादा वळणांतून जाते आणि उणी लांबी भरून निघते. त्या काळी हे वाद्य महाग होते, आणि एखाद्या लग्नाच्या बँडने ते लंडनहून नवे मागवले असेल हे संभवत नाही.

मग ते पुण्यात कोणाकडे आले? कंपनीच्या नावाच्या खाली कर्ण्याचा एक पट्टा इतर भागापेक्षा गुळगुळीत आणि किंचित खोलगट आहे. दिवसाच्या उजेडात तिथे काही दिसत नाही. खोलीत अंधार करून मोबाइलच्या टॉर्चचा झोत अगदी तिरका, पत्र्याला घासून जाईल असा धरला, तेव्हा कानशीने घासून काढलेल्या अक्षरांचे तळ उमटले. सुरुवातीचा आकडा गेलेला आहे, पण त्यामागची इंग्रजी क्रमवाचक 'टी-एच' ही अक्षरे लागतात. त्यानंतर 'बॉम्बे' हा शब्द आणि 'इन्फंट्री'ची पहिली तीन अक्षरे स्पष्ट आहेत. दोन शब्दांमध्ये तिसरा शब्द मावेल एवढी जागा नाही, आणि कालनिश्चितीचा सगळा भार या नसलेल्या जागेवर आहे. मुंबई फौजेच्या पलटणींच्या नावातला 'नेटिव्ह' हा शब्द १८८५ मध्ये वगळण्यात आला, आणि १९०३ मध्ये लॉर्ड किचनर यांच्या फेररचनेत 'बॉम्बे इन्फंट्री' हे नावच जाऊन या पलटणींच्या जुन्या क्रमांकात १०० मिळवून नवे क्रमांक देण्यात आले. तिसऱ्या पलटणीची '१०३ मराठा लाइट इन्फंट्री' झाली ती याच हिशेबाने. तेव्हा नुसते 'बॉम्बे इन्फंट्री' असे नाव कोरले जाण्याचा काळ १८८५ ते १९०३ एवढाच उरतो.

पलटणीचे नाव कर्ण्यावर कोरण्याचे कारणही समजून घेण्यासारखे आहे. त्या काळच्या पलटणींचे बँड मुख्यतः अधिकाऱ्यांच्या वर्गणीतून उभारलेल्या निधीवर चालत, त्यामुळे वाद्ये ही पलटणीची मालमत्ता असे. ती निकालात काढताना नाव घासून टाकणे स्वाभाविक होते. १८१७ मध्ये खडकीच्या लढाईनंतर इथे इंग्रजांची छावणी पडली, पुढे तिचे मोठे लष्करी ठाणे झाले, आणि लष्कर भागातील लिलावात निघालेल्या वस्तू शहरातील पेठांत पोहोचणे हा पुण्यातला नेहमीचा व्यवहार होता. १९२२ च्या फेररचनेत अनेक पलटणी एकमेकींत विलीन झाल्या, तेव्हा एकाच्या जागी दोन बँडांची वाद्ये झाली असणार. हे वाद्य त्या वेळी बाहेर पडले असावे असा माझा अंदाज आहे, आणि नोंदीत तो अंदाज म्हणूनच लिहिला आहे.

घरातली गोष्ट याहून वेगळी होती. एका संस्थानिकाने लग्नातल्या वादनावर खूश होऊन हे वाद्य पणजोबांना बक्षीस दिले, असे घरात सांगितले जाते. घासलेल्या अक्षरांची छायाचित्रे दाखवली तेव्हा आत्याबाईंचा चेहरा पडला, आणि ते मला लागले. पण संस्थानिकाची गोष्ट खोटी ठरवण्याची मला गरज वाटत नाही. पणजोबा संस्थानच्या लग्नात वाजवून आले असतील, तिथे बिदागी मिळाली असेल आणि त्याच पैशातून लष्करातल्या लिलावाचे वाद्य आले असेल, तर दोन्ही गोष्टी एकाच घरात सुखाने नांदू शकतात. ती गोष्ट मी आत्याबाईंच्याच शब्दांत, त्यांच्या आवाजात ध्वनिमुद्रित करून नोंदीला जोडली आहे.

लांब केलेली नळी

या वाद्यातील सर्वांत मोलाची जागा कर्ण्यावर नाही. ती स्वर जुळवण्याच्या सरकत्या नळीवर, वाद्य हातात धरल्यावर सहसा नजरेला न पडणाऱ्या बाजूला आहे. या नळीच्या दोन्ही पायांत प्रत्येकी सुमारे चार सेंटिमीटर लांबीचा एकेक तुकडा घातलेला आहे. त्या तुकड्यांच्या पितळेचा रंग बाकी वाद्याच्या पितळेपेक्षा तांबूस आहे, म्हणजे त्यात तांब्याचे प्रमाण जास्त आहे. भिंगाखाली पाहिले तर तुकडा अखंड ओढलेल्या नळीचा नाही. पत्रा गोल वळवून त्याच्या कडा एकमेकींत दातेरी बसवल्या आहेत आणि मग झाळल्या आहेत. जुन्या तांब्याच्या हंड्याच्या पोटावर जी नागमोडी शिवण दिसते, तीच ही शिवण, फक्त दीड सेंटिमीटर व्यासाच्या नळीवर. लंडनच्या कारखान्यात असे कोणी करणार नाही. हे तांबटाचे काम आहे. मोबाइलला जोडायचा छोटा कॅमेरा आत घालून पाहिले, तेव्हा आतल्या बाजूची शिवण कानशीने इतकी साफ केलेली दिसली की हवेच्या वाटेत खरखरीतपणा राहिलेला नाही. भांडी घडवणाऱ्या हातांनी वाद्याची गरज ओळखून केलेले हे काम आहे, आणि त्या कारागिराचे नाव कुठेही नसावे याची मला मनापासून हळहळ वाटते.

तुकडे घालण्याचे कारण पट्टीत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटिश लष्करी बँडांची पट्टी उंच होती. त्यात 'ए' या स्वराची कंपने सेकंदाला सुमारे ४५२.५ धरली जात. आज सर्वत्र मानली जाणारी ४४० कंपनांची पट्टी १९३९ मध्ये लंडनच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ठरली. ब्रिटिश लष्करी बँडांनी उंच पट्टी १९२०च्या दशकाच्या अखेरीस सोडली. इंग्लंडमधील नागरी ब्रास बँड तर १९६०च्या दशकापर्यंत तिला धरून होते. दोन पट्ट्यांतला फरक जवळजवळ अर्ध्या अर्धस्वराचा आहे, म्हणजे एकत्र वाजवले तर कोणाच्याही कानाला खुपेल एवढा. पितळी वाद्य नळी लांबवून उतरवता येते. क्लॅरोनेटच्या लाकडात पाडलेली भोके मात्र हलवता येत नाहीत. म्हणून बँडमध्ये नव्या पट्टीची क्लॅरोनेटे आली की जुन्या पितळी वाद्यांना खाली उतरावेच लागते.

गणित तपासून पाहिले. या युफोनियमची मूळ नळी साधारण २७५ सेंटिमीटरची आहे. ४५२.५ वरून ४४० वर यायचे तर तिची लांबी २.८ टक्क्यांनी, म्हणजे पावणेआठ सेंटिमीटरच्या आसपास वाढवावी लागते. चार-चार सेंटिमीटरचे दोन तुकडे मिळून आठ होतात. म्हणजे हे तुकडे डोळ्यांच्या अंदाजाने घातलेले नाहीत. कोणीतरी क्लॅरोनेटशी स्वर लावून, नळी ओढून, मापून मग ते करून घेतले आहेत.

याहून बारीक पुरावा पहिल्या पिस्टनच्या सरकत्या नळीवर मिळाला. मूळ नळी लांबवली की प्रत्येक पिस्टनची नळीही त्याच प्रमाणात लांबायला हवी; पहिल्या पिस्टनला त्यासाठी जवळजवळ एक सेंटिमीटर जादा लागतो. नळीला दोन पाय असल्यामुळे ती अर्धा सेंटिमीटर बाहेर ओढून ठेवली की तेवढी लांबी मिळते. या नळीच्या दोन्ही पायांवर, पूर्ण आत सारल्यावर झाकल्या जाणाऱ्या भागात, काठापासून बरोबर अर्ध्या सेंटिमीटरवर काळी रेघ बसली आहे. तिच्या अलीकडचा पट्टा हवा-पाणी लागून काळवंडलेला आणि पलीकडचा स्वच्छ आहे. ही नळी अनेक वर्षे त्याच जागी ओढलेली राहिली होती.

हे सगळे मोजून झाल्यावरच मी काकांना पट्टीविषयी विचारले. आधी विचारले असते तर माझे मोजमाप त्यांच्या उत्तराकडे झुकले असते. ते म्हणाले, "वडील सांगायचे, नवी क्लॅरोनेटं आली तेव्हा हे चढं बोलायला लागलं. मग तांबट आळीतून लांब करून आणलं. आणि पहिल्या बटणाची नळी कायम जरा बाहेर ठेवायची, आत सारायची नाही, हे मला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं." पत्रा आणि आठवण एकमेकांना इतक्या अचूक दुजोरा देतात असे क्वचितच घडते.

वापराच्या इतर खुणा

कर्ण्याच्या दुसऱ्या बाजूला पणजोबांचे नाव आणि खाली 'पुणें' असे ठिपक्या-ठिपक्यांनी टोचलेले आहे, अगदी लग्नातल्या भांड्यांवर नाव टाकतात तसे. अनुस्वारासह लिहिलेले ते 'पुणें' १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीचे असावे, पण एकट्या अनुस्वारावर मी काही बांधणार नाही. पलटणीचे नाव जिथे घासले, त्याच कर्ण्यावर नव्या धन्याने आपले नाव भांड्यासारखे टाकून घेतले, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. या घराचे पूर्वज सनईवाले. दारात उभे राहून वाजवायचे आणि पदरात पडेल ते घ्यायचे, या रीतीतून बँडच्या गणवेशाने आणि आगाऊ ठरलेल्या सुपारीने त्यांना बाहेर काढले, असे काका सांगतात.

तळाच्या वळणावर एकावर एक दोन ठिगळे आहेत. मिरवणुकीत बँड थांबला की वाद्य रस्त्यावर टेकवले जाते, आणि ती झीज तिथेच होते. पिस्टनांखालचे मूळ नमदे गेले असून त्यांच्या जागी सायकलच्या ट्यूबमधून कापलेले गोल बसवले आहेत. तिसऱ्या पिस्टनपेक्षा पहिल्याची झीज बरीच जास्त आहे. माउथपीस मूळचे नाही. ते मेरठच्या घडणीचे आहे, आणि दांडा सैल बसतो म्हणून त्यावर दोरा गुंडाळलेला आहे. नादिर अली यांनी १८८५ मध्ये सुरू केलेल्या कंपनीपासून मेरठ हे देशातील बँडवाद्यांचे केंद्र बनले, आणि स्वातंत्र्यानंतर पुण्यातले बहुतेक बँड तिथल्याच मालावर चालले.

मुलामा, पॉलिश आणि पावसाळा

वाद्यावर मूळचा चांदीचा मुलामा होता. तो आता वळणांच्या आतल्या कोपऱ्यांत तेवढा उरला आहे. पुतण्याने विचारणा केलेल्या मुलामा कारखान्याची पद्धत नेहमीचीच होती: आधी ठिगळे काढून पोचे उठवायचे, मग बफच्या चाकावर पत्रा चकचकीत करायचा आणि त्यावर नवा थर द्यायचा. या एका कामात पलटणीची उरलेली अक्षरे, पणजोबांच्या नावाचे ठिपके, नळीवरची काळी रेघ आणि तांबटाच्या तुकड्यांचा वेगळा रंग, असे चारही पुरावे नाहीसे झाले असते. हे मी पुतण्याला छायाचित्रांवर बोट ठेवून दाखवले आणि त्याने कारखान्याला त्याच दिवशी नको म्हणून कळवले.

दसऱ्याच्या आधी चिंच आणि राखेने घासण्याची घरची पद्धतही थांबवावी लागली. तिच्यामागची भक्ती खरी आहे, पण दर वर्षी पत्र्याचा एक बारीक थर त्यात जातो. तयार पॉलिशचा धोका वेगळा आहे. बाजारात मिळणाऱ्या काही पितळ पॉलिशांमध्ये अमोनिया असतो, आणि घडवताना ताण राहिलेल्या पितळेला अमोनियाने भेगा पडतात. हा धडा आपल्याच देशात मिळालेला आहे: इंग्रजी फौजेच्या काडतुसांची पितळी आवरणे पावसाळ्यात आपोआप तडकत असत, आणि घोड्यांच्या पागेजवळ साठवल्यामुळे त्यांना मूत्रातला अमोनिया लागतो हे कारण १९२१ मध्ये स्पष्ट झाले. या युफोनियमच्या कर्ण्याच्या काठावर आधीच दोन केसासारख्या भेगा आहेत. मुखनळीवर गुलाबी डागही आहेत. श्वासाच्या ओलाव्याने आणि लाळेने पितळेतले जस्त निघून जाते तेव्हा मागे राहिलेल्या तांब्याचा हा रंग असतो, आणि तिथे पत्रा ठिसूळ झालेला असतो. रोज फुंकले तर ती नळी फार काळ टिकणार नाही.

विक्रीचा प्रश्न

परदेशी विक्रीचा मार्ग कायद्यानेच अडवलेला आहे. पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ नुसार कला, कारागिरी किंवा चालीरीतींवर प्रकाश टाकणारी, किमान १०० वर्षे जुनी वस्तू पुरावशेष ठरू शकते, आणि कलम ३ प्रमाणे तिची निर्यात केंद्र सरकार किंवा त्याने अधिकार दिलेली संस्था यांच्याखेरीज कोणालाही करता येत नाही. १९०३ च्या आतले हे वाद्य त्या मर्यादेत सहज येते. टपालाने पार्सल पाठवण्याची जी सूचना संग्राहकाकडून आली होती ती स्वीकारली असती, तर कुटुंब फौजदारी कारवाईत सापडले असते. दुसऱ्या पुतण्याला पैशांची गरज खरी होती, हेही नोंदवले पाहिजे. वाटणीत त्याला वाद्याच्या हिश्श्याबद्दल दुसरी वस्तू देण्याचे घरातच ठरले.

काय ठरले

वाद्य घरीच राहील. तांबटाचे तुकडे, ठिगळे, ट्यूबचे गोल, दोरा गुंडाळलेले माउथपीस यांतले काहीही बदलायचे नाही. मूळ उंच पट्टीत आणण्यासाठी तुकडे काढण्याची सूचना एका जाणकाराने केली होती. ती मी नाकारली, कारण तसे केल्यास पलटणीतल्या काही वर्षांसाठी पुण्याच्या पेठेतली अनेक दशके पुसली गेली असती. पिस्टन आणि सरकत्या नळ्या मोकळ्या करून त्यांना हलके तेल दिले, बाहेरून मऊ सुती कापडाने धूळ पुसली, आणि आत साठलेला मळ कोमट पाण्याने काढून वाद्य पूर्ण कोरडे केले. लुगड्याऐवजी धुतलेल्या मांजरपाटाची पिशवी शिवली असून पावसाळ्यात तिच्यासोबत सिलिका जेल ठेवायचे आहे. दसऱ्याला पूजा होईल, हळद-कुंकू मात्र वाद्याखालच्या पाटाला लागेल. हा तोडगा आत्याबाईंनीच काढला.

ध्वनिमुद्रणासाठी ते एकदा, थोड्या वेळापुरते वाजवले. पुतण्याने फुंकले, काकांनी समोर बसून बोटे सांगितली. मोबाइलच्या ट्यूनरवर मोकळे (पिस्टन न दाबता निघणारे) स्वर ४४० च्या पट्टीत स्थिर आले, आणि पहिल्या पिस्टनची नळी काळ्या रेघेवर ठेवली तेव्हा त्याचे स्वरही जुळले. आवाज आजच्या युफोनियमपेक्षा बारीक पण गोड आहे. त्यानंतर ते न वाजवण्याचे ठरले. विसर्जन मिरवणुकीत प्रभात, दरबार, न्यू गंधर्व अशा बँडांची परंपरा ढोल-ताशा पथकांच्या गर्दीतही टिकून आहे, आणि पुतण्याला आपल्या बँडमध्ये युफोनियम परत आणायचेच होते. त्याने त्यासाठी मेरठचे नवे वाद्य घेतले असून काका त्याला शिकवत आहेत.

कागदाची बाजू अजून चालू आहे. बूझी कंपनीच्या कारखान्याच्या नोंदवह्या २००४ पासून लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयाकडे आहेत. पिस्टनच्या नळकांड्यावरील अनुक्रमांकाची छायाचित्रे तिथे पाठवली आहेत, म्हणजे घडणीचे साल आणि शक्य झाल्यास पलटणीचा क्रमांक ठरवता येईल. पुढेमागे वाद्य एखाद्या संग्रहालयाला उसने द्यायचे झाल्यास पाळायच्या अटी कुटुंबाने लेखी करून ठेवल्या आहेत: मालकी घराची राहील, सफाई किंवा दुरुस्ती परवानगीशिवाय होणार नाही, आणि शेजारच्या फलकावर लंडनच्या कारखान्याच्या नावाबरोबर पणजोबांचे नाव आणि 'नळी लांबवली: तांबट आळी, पुणे' ही ओळ त्याच आकाराच्या अक्षरांत असेल.